ऊसतोडीची, वीटभट्टीवरची, सिग्नलवरची मुलं आणि आपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेले सहा हंगाम मी साखर कारखान्याजवळच्या एका तळावर संध्याकाळी मुलांचा वर्ग घेतेय. तळ म्हणजे ऊसतोड मजुरांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) जिथे पडतात ती जागा. दरवर्षी नातेवाईक, ओळखीचे, कधी अगदी अनोळखी लोकसुद्धा तेच प्रश्न विचारतात, काही काळजीने, काही जरा रागाने, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. काही उत्तरं लांबलीत, त्याला इलाज नाही, विषयच तसा आहे.

असमान बालपण म्हणजे नक्की काय? गरीब-श्रीमंत तर सगळीकडेच असतं ना?

असतं. पण एकाच तालुक्यात, एकाच आठवड्यात जन्मलेली दोन मुलं डोळ्यासमोर आणा. एकाचं दर महिन्याला वजन होतं, लसी वेळेवर होतात, तिसऱ्या वर्षी बालवाडी, सहाव्या वर्षी पहिली, ताप आला तर आई रजा काढून घरी थांबते. दुसऱ्याचं पहिलं वर्ष उसाच्या फडाच्या बांधावर जातं, पाचटावर गोधडी टाकून त्याला निजवलेलं असतं आणि त्याच्याकडे लक्ष द्यायला सात वर्षांची बहीण असते, जिचं स्वतःचं दुसरीचं वर्ष त्यात बुडतं. मग दहाव्या वर्षी दोघांना एकाच बाकावर बसवायचं, एकच पेपर द्यायचा आणि मार्क बघून म्हणायचं की हा हुशार आणि तो ढ. मी असमान म्हणते ते हे. पैशाचा फरक आहेच, पण मोठा फरक असतो तो बाळाला रोज कोणीतरी बघतंय का, त्याची कुठे नोंद आहे का, आजारी पडलं तर कोणाच्या लक्षात येतंय का, याचा.

आणि हे दोनचार मुलांचं नाहीये हो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यात पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली, म्हणजे तिघांत एकाहून जास्त. उंची काही एका महिन्यात खुंटत नाही, आई गरोदर असल्यापासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंतच्या साधारण हजार दिवसांत जे खायला मिळालं नाही आणि जी आजारपणं अंगावर काढली त्याचा तो हिशोब असतो.

ऊसतोडीची मुलं शाळेबाहेर किती दिवस असतात? सुट्टीतच जात असतील ना?

नाही, बरोबर शाळा भरात असतानाच जातात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर, नांदेड अशा भागांतून गाड्या निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलला परत येतात. पाच ते सहा महिने. शाळेचं दुसरं सत्र जवळजवळ पूर्ण गेलं. एकदा असं झालं तर मूल सावरतं, पण तिसरीत, चौथीत, पाचवीत दरवर्षी अर्धं वर्ष गेलं की ते हजेरीपटावर असतं आणि वर्गात नसतं, आणि मग एके वर्षी परत आल्यावर शाळेत जायचंच सोडून देतं, कोणाशी भांडण नाही, कोणी काढलेलं नाही, नुसतंच गळून जातं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, दहाएक वर्षांची. वडिलांबरोबर मोळ्या मोजून मोजून तोंडी हिशोब एकदम पक्का, दिवसाला किती मोळ्या झाल्या, गाडीत किती भरल्या, टनाचा अंदाज काय, फटाफट सांगायची. आणि पाटीवर लिहिलेला ७ तिला ओळखता येईना. तिला गणित येत होतं, फक्त ते लिहितात कसं हे कोणी कधी सलग सहा महिने शिकवलंच नव्हतं. टायरगाडीच्या दांडीला साडीची झोळी बांधलेली, त्यात धाकटा भाऊ, आणि ही खाली बसून पाटीवर लिहिताना पायाच्या अंगठ्याने झोळीची दोरी ओढत राहायची, न बघता. भाऊ कुरकुरला की अंगठा जरा जोरात. मला अजून आठवतं.

आईवडील मुलांना गावी आजीकडे का ठेवून जात नाहीत?

ठेवतात की, जिथे आजी असते आणि धडधाकट असते तिथे ठेवतातच. पण कित्येक घरांत आजीआजोबाच तोडीला जातात किंवा आजी इतकी थकलेली असते की तीन नातवंडं तिच्याने होत नाहीत. वयात आलेली मुलगी असली तर आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही, मागे ठेवायला भीती वाटते आणि सोबत न्यायलाही भीती वाटते. शिवाय मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्याकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता धरतात, एखादा दिवस कामावर गेलं नाही तर खाडा पडतो आणि तो पैसा अंगावर बसतो. पहाटे तीन-चारला फडात जायचं, रात्री गाडी भरायची वेळ येईल तेव्हा भरायची. मग स्वयंपाक, पाणी, सरपण, बाळ हे कोण बघणार? मोठी मुलगी. आईबापांना शिक्षणाची किंमत कळत नाही असं लोक फार सहज बोलतात. मला आजवर तळावर एकही आई भेटली नाही जिने वर्ग सुरू झाल्यावर मुलाचं तोंड धुवून केस विंचरून पाठवलं नाही.

यासाठी सरकारी सोय काहीच नाही का?

आहे. गावातल्या शाळेला जोडून हंगामी वसतिगृह चालवता येतं, त्यावर शाळा व्यवस्थापन समितीची देखरेख असते, म्हणजे आईवडील गेले तरी मूल गावातच राहून शाळा करू शकतं. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आहे. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालायच्या, काही ठिकाणी अजूनही असे वर्ग चालतात. शिक्षण हमी कार्ड आहे, मूल कितवीत शिकतंय आणि त्याला काय येतं हे त्यावर लिहिलेलं असतं, ते घेऊन जिथे जाल तिथल्या शाळेत बसता येतं.

अडचण वेळेची आहे. गाड्या दसऱ्याला हलतात, आणि वसतिगृहाची मंजुरी दिवाळीनंतर आली तर ती कोणाच्या कामाची? मूल तर गेलेलं असतं. म्हणून माझं म्हणणं असं की हे सगळं ऑगस्टमध्ये व्हायला हवं, कोणत्या घरातून कोण जाणार हे गावात सगळ्यांना माहिती असतं, याद्या करायला कोणी बाहेरून यायची गरज नसते. तुम्ही गावात राहत असाल आणि शाळा व्यवस्थापन समितीत असाल (तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात) तर हा विषय पोळ्याच्या आधीच्या मीटिंगमध्ये काढा.

आमच्या गावात हंगामात बाहेरची मुलं येतात. दाखला नसेल तर शाळेने घ्यायलाच पाहिजे का?

हो, घ्यायलाच पाहिजे, यात काही वादच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, आणि त्यात ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत फुकट शिकायचा हक्क आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, वर्षाच्या मध्येच आलंय म्हणून नाकारता येत नाही, दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाकारता येत नाही. आधार कार्ड कोपीत पत्र्याच्या पेटीत असतं, कधी गावीच राहिलेलं असतं, त्यावरून मूल दारातून परत पाठवणं हे कायद्यात कुठेच बसत नाही.

शिक्षकांची अडचण मला कळते, मी त्यांच्या विरोधात अजिबात नाही. वर्गात आधीच पस्तीस मुलं, त्यात नोव्हेंबरमध्ये अठरा नवीन, पुस्तकं नाहीत, आणि मार्चमध्ये ती न सांगता निघून जाणार. पण तरीही सांगते, ती चार महिने वर्गात बसली, दुपारचा गरम भात-आमटी खाल्ली, कोणीतरी त्यांचं नाव घेऊन हजेरी लावली, याने फरक पडतो. ज्या शाळेत बाई नाव लक्षात ठेवतात तिथली मुलं पुढच्या हंगामाला स्वतःहून येतात, हे मी बघितलंय.

दहा वर्षांचं मूल कधी शाळेतच गेलं नसेल तर पहिलीत बसवायचं का?

नाही. वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागचं भरून काढायला वेगळं विशेष प्रशिक्षण द्यायचं, तसं कायद्यातच आहे. चौदा पूर्ण झाले तरी आठवी होईपर्यंत शिक्षण फुकट. सहा वर्षांच्या पोरांमध्ये दहा वर्षांचं मूल बसवलं की ते तिसऱ्या दिवशी येणार नाही, एवढं कोणालाही कळेल.

एकदम लहान बाळांचं काय? ती तर शाळेच्या वयाची पण नसतात.

सगळ्यात जास्त जीव यांच्यासाठीच तुटतो माझा, कारण ती कोणाच्याच यादीत नसतात. शाळेची यादी सहा वर्षांपासून सुरू होते. त्याआधी अंगणवाडी, पण त्याचं नाव गावच्या अंगणवाडीत आणि बाळ दोनशे किलोमीटर लांब फडात. इथल्या सेविकेला ते "आपल्या गावचं" वाटत नाही.

तर हे पक्कं लक्षात ठेवा: बाळ आत्ता जिथे राहतंय तिथल्या अंगणवाडीवर त्याचा हक्क आहे. आहार, वजन, लसीकरण, सगळं. आणि जिथे अंगणवाडीच नाही पण वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत तिथे मागणी केली की अंगणवाडी द्यावी लागेल असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २००६ मध्येच सांगितलंय. मोठ्या तळावर ४० मुलं सहज निघतात, मोजा एकदा.

दंडाची पट्टी बघितलीये का कधी तुम्ही? रंगीत कागदी पट्टी असते, सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या डाव्या दंडाभोवती गुंडाळायची, खिडकीतून रंग दिसतो. हिरवा आला तर ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, आणि साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलं की लाल, तीव्र कुपोषण, लगेच दवाखाना. साडेअकरा सेंटिमीटर म्हणजे केवढं, तर आपली तर्जनी आणि अंगठा जोडून जो गोल होतो ना, जवळजवळ तेवढं. एका आशाताईंबरोबर पहिल्यांदा तळावर हे मोजमाप केलं तेव्हा दीड वर्षाच्या एका मुलाची पट्टी ओढत ओढत लालवर जाऊन थांबली आणि त्याची आई आम्हालाच विचारत होती, "बारीक हाय, पण खेळतंय की ओ?" खेळत होतंही ते. नुसतं बघून कळत नाही म्हणूनच तर मोजायचं असतं. ते बाळ पुढे ग्रामीण रुग्णालयात दाखल झालं आणि आई दोन आठवडे त्याच्याजवळ राहिली, तेवढ्या दिवसांचे खाडे पडले. ते खाडे कोणी भरून द्यायचे हा प्रश्न आम्ही तेव्हा सोडवू शकलो नाही, आजही सुटलेला नाही.

आईवडिलांना मदत करणं ही बालमजुरी कशी? आम्ही पण लहानपणी शेतात राबलो, काही बिघडलं नाही.

हा प्रश्न मला दर महिन्याला येतो आणि विचारणारे बहुतेक मनापासूनच विचारतात. तुम्ही शाळा सुटल्यावर गुरं पाणी दाखवायला नेलीत, सुट्टीत कापूस वेचलात, ते घरकाम होतं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेत होतात. कायदासुद्धा एवढी मोकळीक देतो: बालमजुरीचा १९८६ चा कायदा २०१६ मध्ये बदलला, त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही, फक्त स्वतःच्या घरच्या व्यवसायात, धोका नसलेलं काम, तेही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, चालतं. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याची कामं बंद. कामावर ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद, २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही.

आता फडात बघा. ऊस कुटुंबाचा नाही, शेत कुटुंबाचं नाही, वेळ शाळेची, आणि बारा वर्षांचा पोरगा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतोय. याला घरची मदत म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण म्हणून बापाला पकडा असं पण मी म्हणणार नाही, कायद्यानेही पहिल्या वेळेला आईबापांना शिक्षेतून वगळलंय, धंद्यासाठी मुलाला जुंपलं असेल तर गोष्ट वेगळी. पोराच्या हातातला कोयता काढायचा असेल तर बापाच्या टनाचा भाव आणि मुकादमाची उचल याकडे बघावं लागतं. दोघांच्या मजुरीत चार जणांचं भागलं तर कोण हौसेने पोराला फडात उतरवेल?

उचल फिटली नाही म्हणून मुलाला कामाला ठेवून घेतलं तर?

ती वेठबिगारी झाली. १९७६ च्या कायद्याने ती बंद आहे आणि असं कर्ज कायद्याने रद्दच होतं. हे जुन्या जमान्यातलं नाही, २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं थोड्याशा पैशांवर मेंढ्या राखायला पाठवलेली होती हे उघडकीला आलं तेव्हा, म्हणजे आत्ताआत्ताची गोष्ट. अशा वेळी तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि पोलीस, तिघांना लेखी कळवा. जिल्हाधिकाऱ्यांवर या कायद्याची थेट जबाबदारी आहे.

आम्ही घरात एक लहान मुलगी कामाला ठेवलीये, चांगलं खायला देतो, कपडे देतो, शिकवतो पण. चूक काय?

चौदाच्या आतली असेल तर बेकायदेशीर आहे, घरकामाला मुलं ठेवायला तर २००६ पासूनच बंदी आहे. आणि कायदा बाजूला ठेवून एक विचारते, तुमची मुलगी शाळेतून आली की डबा कोण घासतं? दोघी एकाच वयाच्या असतील तर त्या घरात रोज दोन बालपणं समोरासमोर चाललीयेत आणि दोघीही त्यातून काहीतरी शिकतायत. खरंच तिचं भलं करायचं असेल तर तिला तिच्या घरी पाठवा आणि शाळेचा खर्च उचला, त्यांच्या घरात जे मोठं माणूस आहे त्याला काम द्या.

आमच्या भागात तेरा-चौदाव्या वर्षी मुलींची लग्नं लावतात. एकट्याने बोलून काय होणार?

एका फोनने लग्न थांबलेलं मी पाहिलंय, त्यामुळे होतं काहीतरी. आधी हे का होतं ते समजून घ्या. जोडीला पूर्ण कोयता, एकट्याला अर्धा कोयता, म्हणजे लग्न झालेल्या पोराला जास्त उचल मिळते, आणि मुलीच्या आईला वाटतं तळावर उघड्यावर मोठी मुलगी सांभाळण्यापेक्षा हिचे हात पिवळे झालेले बरे. कोपीला दार नसतं, अंघोळीला आडोसा नसतो. आईची भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा हा उपाय मुलीलाच संपवतो, पंधराव्या वर्षी पोटुशी, अंगात रक्त नाही, वर मोळ्या उचलायच्या, आणि तिचं बाळ जन्मतःच कमी वजनाचं, म्हणजे वर ती लाल पट्टी सांगितली ना, तिची सुरुवात खरं तर इथे होते.

२०१९-२१ च्याच सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी साधारण २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. कायदा २००६ चा आहे, मुलगी १८, मुलगा २१. लग्न लावणारे, जमवणारे, भटजी, मंडपवाले, सामील असलेले नातेवाईक, सगळे गुन्ह्यात येतात, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना सांगा, नाहीतर १०९८ ला फोन. लग्न लागायच्या आधी सांगितलंत तर कोर्टाकडून मनाई आणता येते. लग्न झालेलं असलं तरी मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत ते रद्द करून मागता येतं, हे मात्र मुलींना कोणी सांगतच नाही, तुम्ही सांगा.

१०९८ ला फोन केला तर नेमकं काय होतं? माझं नाव बाहेर येईल का?

१०९८, दहा-नऊ-आठ, चोवीस तास, फुकट, कुठल्याही फोनवरून. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा, आता ती महिला व बालविकास खात्यामार्फत चालते आणि ११२ ला जोडलीये. नाव सांगायची सक्ती नाही. फोनवर शांतपणे एवढंच सांगा: मूल साधारण किती वर्षांचं, कुठे आहे, जवळची खूण काय, आत्ता धोका आहे का, सोबत कोण आहे.

मुलाला तिथून काढावं लागलंच तर २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करतात. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, जिल्ह्याजिल्ह्यात असते. लोकांना भीती असते की फोन केला तर मूल उचलून अनाथाश्रमात टाकतील. बाल न्याय कायदा २०१५ सांगतो की मुलाची पहिली जागा कुटुंब, संस्था अगदी शेवटचा पर्याय. वडील गेलेले, आई एकटी, किंवा दोघंही नाहीत आणि मामा-काका सांभाळतायत, अशा मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, दरमहा पैसे मिळतात ज्याने मूल घरातच राहतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करायचा. ही योजना माहीत नसलेली किती कुटुंबं आहेत, मी मोजणं सोडून दिलंय, नुसती सांगत सुटते.

मुलाशी कोणी वाईट वागलंय असा संशय आला तर? पुरावा नसेल तर गप्प बसावं का?

गप्प बसू नका. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत पोक्सो कायदा (२०१२ चा) सांगतो की माहिती असणाऱ्या किंवा तसा धोका दिसणाऱ्या प्रत्येकाने कळवायलाच हवं, न कळवणं हाच गुन्हा आहे. पुरावा गोळा करणं पोलिसांचं काम. मनापासून कळवलंत आणि तुमचा अंदाज चुकला तर तुमच्यावर कारवाई होत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यात घ्यायचा असतो, रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

मूल सांगायला आलं तर काय करायचं हे त्याहून महत्त्वाचं. ऐका. "खरंच का?" असं विचारू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, "कोणाला सांगू नको" तर चुकूनही म्हणू नका, आणि "कोणालाच सांगणार नाही" असं वचनही देऊ नका कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. "बरं केलंस सांगितलंस, तुझी काही चूक नाही" एवढं म्हणा आणि मग पुढचं बघा.

सिग्नलवर मुलांना पैसे द्यावेत का?

मी देत नाही, पण काच वर करून नजर पण फिरवत नाही. मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, मुलाचा त्यात काहीच गुन्हा नाही. रोज तेच मूल तिथेच दिसत असेल तर कळवा. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा चाललीये, ज्या मुलांना शाळेपर्यंत आणता येत नाही त्यांच्यापर्यंत शाळा नेली, अगदी साधी कल्पना.

त्यांचे फोटो काढून टाकले तर लोकांना जाग येईल ना?

चेहरा दिसेल असे टाकू नका. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं कायद्यानेही बंद आहे. ते मूल उद्या वीस वर्षांचं होईल आणि त्याचा नाक वाहणारा, उघडा फोटो तेव्हाही फिरत असेल.

"बाळ दत्तक देणे आहे" असे व्हॉट्सॲपवर मेसेज येतात, पुढे पाठवू का?

अजिबात नको. ती मुलांची विक्री असू शकते. दत्तक फक्त सरकारी प्रक्रियेतूनच. नंबर १०९८ ला द्या.

खाजगी शाळेतल्या २५ टक्के जागांचा या मुलांना उपयोग होतो का?

शहरातल्या गरीब मुलांना होतो, आणि तो हक्क टिकला पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जवळ सरकारी शाळा असलेल्या खाजगी शाळांना यातून सूट दिली होती, ती त्याच वर्षी जुलैमध्ये हायकोर्टाने रद्द केली. पण सहा महिने फिरतीवर असलेल्या मुलाला या जागेचा काय उपयोग? ऑनलाइन अर्ज, रहिवासी पुरावा, ठरावीक तारखा, सगळं एका जागी राहणाऱ्या माणसासाठी बनवलंय. माझं सगळं दुखणं या एकाच जागी येऊन थांबतं बघा. आपण हक्क दिले ते पत्त्याला दिले, आणि या मुलांना पत्ताच नाही. रेशन, अंगणवाडी, शाळा, वसतिगृह, सगळ्याची खुंटी गावात आणि मूल फडात.

हे सगळं सरकारचं काम आहे. आम्ही टॅक्स भरतो. आम्ही का करायचं?

सरकारचंच काम आहे आणि ते सरकारकडून करून घ्यायला हवं, यात दुमत नाही. पण आपल्याकडे सरकारने सुद्धा ही गोष्ट कुणीतरी लावून धरल्यावरच केलीये. १९११ मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, इंग्रज सरकारने होऊ दिलं नाही. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ते करून दाखवलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. आणि देशात तो मूलभूत हक्क व्हायला २००२ ची घटनादुरुस्ती यावी लागली. मधली पंच्याऐंशी वर्षं जी मुलं शाळेबाहेर मोठी झाली ती आपलेच पणजोबा, आजोबा, आणि जास्त करून आज्या होत्या.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बोर्डी आणि कोसबाडचं काम मला नेहमी आठवतं. आदिवासी मुलं गुरांमागे जायची म्हणून शाळेत येत नाहीत, तर त्यांनी गुरं चरतात त्या कुरणातच शाळा भरवली, कुरणशाळा. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते म्हणून येत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्रच आणली, ती विकासवाडी. झोळीची दोरी अंगठ्याने ओढणारी माझी ती विद्यार्थिनी त्यांना फार आधीच दिसली होती. तळावर एक पाळणाघर चालू झालं की चार मोठ्या बहिणी शाळेत जाऊ शकतात, आम्ही दोन हंगामांपूर्वी एका कोपीत ते सुरू केलं, एक आजीबाई आणि शेजारच्या गावातली एक ताई बघतात, आणि वर्गातली मुलींची संख्या त्याच महिन्यात वाढली.

मला एकट्याला, नोकरी सांभाळून, काय करता येईल?

तुमच्या जवळ कुठे तळ, वीटभट्टी किंवा मोठी बांधकाम साइट आहे ते बघा. जा, सकाळी अकराच्या सुमाराला जा, शाळेच्या वेळेत, आणि नुसती मुलं मोजा. सहाच्या आतली किती, सहा ते चौदा किती, त्याहून मोठ्या मुली किती. आधी मोठ्या माणसांशी बोला, मुकादमाला भेटा, मुलांना खाऊ वाटत सुटू नका. मग तो आकडा कागदावर लिहा, सहाच्या आतल्यांचा अंगणवाडी सेविकेला आणि पर्यवेक्षिकेला, सहाच्या पुढच्यांचा मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना, पोच घेऊन द्या. पोच नक्की घ्या. आठ दिवसांनी परत जा आणि विचारा कितीजण बसायला लागले. एवढं केलं तरी पुष्कळ वेळा काम हलतं, कारण तोपर्यंत ती मुलं कुठल्याच कागदावर नसतात.

हंगाम संपायच्या आत शाळेकडून प्रत्येक मुलाच्या हातात त्याच्या हजेरीचं पत्र द्यायला लावा, गावच्या बाईंना दाखवायला. मागच्या मार्चमध्ये गाड्या भरत होत्या तेव्हा एक मुलगा ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून, सगळ्या भांड्यांच्या वर ठेवत होता, खाली नको म्हणाला, चुरगळंल.